नव्या गाडीला पोचा पडतो तेव्हा

तांब्याच्या घागरीला पोचा पडला तर आमच्या आजीला त्याचे काहीच वाटत नसे. तांबट दारावर येई, लाकडी हातोडीने आतून चार ठोके देई, आणि घागर पुन्हा आडावर जायला मोकळी होई. पोचा हा घागरीच्या संसाराचा भागच होता. परंतु तोच पोचा पाऊण कोटीच्या मोटारीला पडला, आणि तोही ती घरी येऊन चार महिने झाले नसताना पडला, म्हणजे तांबटाला बोलावून भागत नाही. घरात सुतक आल्यासारखी शांतता पसरते, भेटायला येणारे चहा घेतात पण घोट घेताना आवाज करीत नाहीत, आणि जो तो हलक्या आवाजात एकच प्रश्न विचारतो, "पुन्हा पहिल्यासारखी होईल का हो?"

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. गेल्या हंगामात त्याचे उत्तर शोधण्यात माझे काही आठवडे गेले. मी मराठी शिकवितो. मोटारीशी माझा संबंध एस.टी.च्या खिडकीपुरता. पण आमच्या गल्लीतल्या शेटजींवर हा प्रसंग आला आणि इंग्रजी कागद वाचायला माणूस हवा म्हणून त्यांनी मला बरोबर घेतले. त्या निमित्ताने जे पाहिले, ऐकले आणि समजून घेतले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

देगलूरच्या वाटेवर

आमचे देगलूर नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, लेंडी नदीच्या काठी आहे. थोडे पुढे गेले की तेलंगणची हद्द लागते. मोंढ्यातले सौदे मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशा चार भाषांत होतात. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा होता, आणि जुन्या पिढीला श्रीमंती मोटार म्हटले की हैदराबादेतली 1912 सालची पिवळी रोल्स-रॉइस आठवे. ती सहाव्या निजामांनी मागविली होती; पण ती येण्याआधीच ते वारले आणि गाडी त्यांच्या वारसाकडे गेली. अशी मोटार ही ऐकायची गोष्ट होती, पाहायचीसुद्धा नव्हे.

मग दिवस पालटले. ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक-व्यापारी मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी 150 मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे 65 कोटींचा तो सौदा देशभर गाजला. दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या मराठवाड्याकडे लोक निराळ्या नजरेने पाहू लागले. तेव्हापासून तालुक्याच्या गावीही एखाददुसरी देखणी, वेगवान परदेशी बनावटीची गाडी दिसू लागली. आमच्या शेटजींची अडत तीन पिढ्यांची. त्यांनी दसऱ्याला अशीच एक गाडी आणली. पाच-सहा सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरचा वेग घेते, असे त्यांचे धाकटे चिरंजीव सांगत. शेटजींना त्या वेगाचे विशेष नव्हते. दारात उभी राहिलेली गाडी शोभते, एवढ्यावर ते खूश होते.

जानेवारीतल्या एका रात्री चिरंजीव नांदेडहून परतत होते. उसाचे दिवस. पुढे उसाने भरलेली ट्रॉली चाललेली. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, पाचट मात्र रस्त्यावर लोंबते आहे. दिसली तेव्हा फार जवळ आली होती. ब्रेक लागले, वेग बराच उतरला, तरी गाडीचे तोंड ट्रॉलीच्या डाव्या कोपऱ्यावर जाऊन बसले. चिरंजिवांनी पट्टा बांधलेला होता. कपाळावर एक ओरखडा आणि खांद्यावर पट्ट्याचा वळ, एवढ्यावर निभावले. ट्रॅक्टरवाला सुखरूप होता. एरवी उसावर तोडणीचे मजूर बसलेले असतात. त्या रात्री कोणी नव्हते, ही दैवाची कृपा.

उस्तादांचा निकाल

दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून गावात आणली. आमच्या बसस्थानकाजवळचे गॅरेजवाले उस्ताद म्हणजे या कामातले पोचलेले गृहस्थ. ट्रॅक्टरपासून जीपपर्यंत कोणत्याही पत्र्याला ते मूळ रूप देतात. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेटच्या फटीतून बॅटरी मारून आत पाहिले आणि हात पुसत म्हणाले, "सर, चेहरा मी करून देईन. पण हाडं माझ्यानं बसायची न्हाईत. हैदराबादला न्या."

पुढे जे जे मी शिकलो त्याचे सार उस्तादांच्या या दोन वाक्यांत होते. आपल्याला येत नाही ते काम न घेणे हीसुद्धा मोठी कारागिरी आहे.

हैदराबाद आम्हाला दोनशे किलोमीटरच्या आसपास. सपाट पाठीच्या ट्रकवर चढून गाडी तिकडे गेली आणि मागोमाग आम्ही. तिथल्या कर्मशाळेतला तरुण अभियंता मोठा समजूतदार होता. शेटजींनी पहिलाच प्रश्न टाकला, "एवढी महाग गाडी, आन् तोंड असं कागदावानी कसं चुरगळलं?" तो म्हणाला, "ते तसंच चुरगळायला बनवलेलं असतं."

चुरगळण्याचे शास्त्र

पूर्वी लोकांची समजूत अशी होती की मोटार जितकी कडक तितकी सुरक्षित. बेला बारेनी नावाच्या अभियंत्याने ती उलटी केली. मर्सिडीज-बेंझमध्ये काम करीत असताना त्याने 1951 साली एका कल्पनेच्या पेटंटासाठी अर्ज केला. गाडीचे तीन भाग करावेत. मधला, माणसांचा, कणखर असावा, आणि पुढचा व मागचा मुद्दाम असा रचावा की धडकेत तो घडीघडीने चेपत जाईल. 1959 साली या तत्त्वावर बांधलेली गाडी बाजारात आली, आणि आज जवळजवळ प्रत्येक मोटार तसल्याच रचनेची असते.

कारण सोपे आहे. वेगातल्या गाडीच्या अंगात जी शक्ती असते ती थांबताना कुठेतरी जिरली पाहिजे. शिवाय वेग दुप्पट झाला की ही शक्ती चौपट होते. ताशी साठऐवजी एकशेवीसने जाणारी गाडी दुप्पट नव्हे, चौपट जोराने आदळते. ती शक्ती पत्र्यात जिरली नाही तर माणसाच्या बरगड्यांत जिरते. नारळ वाढवताना करवंटी फुटते. आतले खोबरे शाबूत राहावे म्हणून करवंटी आधी फुटायला हवी, असेच काहीसे म्हणा ना!

परंतु ही व्यवस्था पट्टा बांधणाऱ्यासाठीच आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघाती मृत्यू झाला, तेव्हा हे साऱ्या देशाला कळले. गाडी उत्तम होती. पण मागे बसलेल्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते असे पोलीस तपासात दिसून आले. ते दोघे गेले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

हाडे बसविण्याचे काम

आता दुरुस्तीकडे वळू. बारकाईने पाहणी झाली तेव्हा कळले की बाहेरून दिसणारे नुकसान हे निम्मेच. आजच्या मोटारीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. सारे अंग मिळूनच सांगाडा असतो. पुढच्या डाव्या कोपऱ्यावर बसलेला धक्का पार दरवाज्याच्या खांबापर्यंत पोचू शकतो. म्हणून आधी गाडी एका भक्कम लोखंडी बाकावर जखडतात आणि सांगाड्यावरचे ठरावीक बिंदू मोजतात. कारखान्याच्या नकाशाशी ते ताडून पाहायचे असतात. तिथे दोन-तीन मिलिमीटरांपेक्षा जास्त फरक चालत नाही. शेटजींच्या गाडीत एक बिंदू अकरा मिलिमीटर सरकलेला निघाला. कापसाच्या गाठी मोजणाऱ्या माणसाला अकरा मिलिमीटरांचे काय ते वाटणार! पण चाकांची दिशा आणि दाराची फट त्यावरच अवलंबून.

मग धातूची गोष्ट. साधे पोलाद वाकले तर ओढून सरळ करता येते. पण माणसाच्या कोठडीभोवतीचे खांब बोरॉन मिसळलेल्या पोलादाचे असतात. ते नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून साच्यातच दाबतात आणि तिथेच झटकन थंड करतात, त्यामुळे साध्या पोलादाच्या कितीतरी पट बळ त्यात येते. अशा खांबाला गॅसच्या ज्वाळेने तापवून सरळ केले, तर तो दिसायला सरळ होतो, पण त्याचे बळ जाते. पुढच्या धडकेला तो कामाला येत नाही. त्यामुळे तो दुरुस्त करायचाच नसतो. कंपनीने ठरवून दिलेल्या जागी कापून नवा जोडायचा असतो.

बॉनेट आणि पुढचे काही भाग ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम हलके, पण मानी. पोलादासारखे ते मूळ आकाराकडे परत येऊ पाहत नाही. फार ठोकले तर तडकते. त्याच्या कामाची खोली निराळी आणि हत्यारेही निराळी, कारण पोलादाचा कीस त्यात रुतला की तिथे दोन धातूंचे वैर सुरू होते आणि गंज धरतो. अनेक ठिकाणी वेल्डिंग नसतेच. रिव्हेट आणि खास चिकटद्रव्य यांनी सांधे जोडतात. हे पाहताना मला आमच्या तालुक्यातल्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आठवली. तिथेही प्रत्येक दगडाची जागा ठरलेली. एक दगड भलतीकडे बसला की वरचा सारा भार वाट चुकतो.

दिव्याला फसविण्याची विद्या

चार दिवसांनी खर्चाचा अंदाज हाती आला: 16 लाख रुपये. शेटजी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, एवढ्यात दोन ट्रॅक्टर आले असते."

विमा होता. पण विम्यातही वाचायची अक्षरे असतात. आपल्याकडच्या साध्या मोटार विम्यात बदललेल्या भागांवर घसारा कापतात. धातूच्या भागांवर गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर काही नाही, पुढे वर्षापर्यंत 5 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 10 टक्के. काचेवर काहीच नाही. परंतु रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर सरसकट 50 टक्के, गाडी कालची असली तरी! 'झिरो डेप' नावाची जोड घेतली तर ही कपात टळते. हप्ता कमी बसावा म्हणून शेटजींनी ती घेतलेली नव्हती. आजच्या गाडीत बंपर प्लॅस्टिकचा, जाळी प्लॅस्टिकची, दिव्यांचे घर प्लॅस्टिकचे; आणि एअरबॅगा तर चार फुटलेल्या. शेटजींच्या वाट्याला पाच लाखांच्या घरात रक्कम आली.

इथेच खरी परीक्षा सुरू झाली. शेटजींच्या ओळखीचे एक गृहस्थ भेटायला आले. त्यांचा सल्ला असा, की विमा कंपनीकडून रोख तडजोड घ्यावी, गाडी बाहेरच्या गॅरेजात निम्म्या पैशांत 'करून' घ्यावी, वर झकास रंग मारावा आणि 'अपघात नाही' म्हणून विकून टाकावी. आणि एअरबॅगांचे काय? ते हसून म्हणाले, "वरचं झाकण नवं बसवायचं, आत काही नको. डॅशबोर्डावरचा दिवा फसवता येतो."

त्या तरुण अभियंत्याला मी हे विचारले. एअरबॅग म्हणजे एकदाच वाजणारा फटाका. धडक जाणवताच सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात, म्हणजे पापणी लवायच्या आत, ती भरते; मग तिचे काम संपते. पट्टा आवळणारे यंत्रही दारूच्या अशाच इवल्या स्फोटावर चालते. एकदा उडाले की बदललेच पाहिजे. यात काही बिघाड असेल तर सांगण्यासाठी डॅशबोर्डावर एक दिवा असतो. एक क्षुल्लक विद्युतरोधक जोडून त्या दिव्याला 'सारे ठीक आहे' असे खोटे बोलायला शिकवता येते. पुढची धडक होईपर्यंत ते खोटे कोणाला कळत नाही, आणि कळते तेव्हा सांगायला माणूस उरेलच असे नाही.

त्या रात्री आम्ही लॉजच्या गच्चीवर बसलो होतो. शेटजी हिशेबी माणूस. पाच लाख त्यांना थोडे नव्हते. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझं लेकरू ज्या पिशवीनं वाचलं, ती खोटी घालून दुसऱ्याच्या लेकराला विकू का सर?"

मला त्यावर बोलायचे काही उरले नव्हते.

रंग, रडार आणि वही

काम पुरे व्हायला अकरा आठवडे लागले. बरेच भाग जर्मनीहून यायचे होते. मधे एकदा विम्याचा सर्व्हेअर येऊन गेला. त्याने एक उपयुक्त गोष्ट सांगितली. प्रत्येक गाडीची विम्यापुरती एक किंमत ठरलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा खर्च तिच्या 75 टक्क्यांवर गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरतात. म्हणजे आयडीव्ही 80 लाख असेल आणि दुरुस्ती 60 लाखांच्या वर जात असेल, तर दुरुस्त करण्याऐवजी भरपाई मिळते.

रंगाचे काम पाहण्यासारखे होते. कारखान्यातून येणारा सारा रंग, थरावर थर मिळून, मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकाच जाड असतो. त्यात एकाच छटेचा रंग जुळविणे कठीण. उन्हात एक दिसतो, सावलीत दुसरा. म्हणून यंत्राने छटा मोजतात आणि नवा रंग शेजारच्या पत्र्यावर पुसट करीत नेतात, की सीमारेषा डोळ्याला सापडू नये. वर पारदर्शक थर चढवून साठ अंशांच्या बंद खोलीत भाजतात. याच कारणाने जुनी गाडी घेताना जाणते लोक रंगाची जाडी मोजायचे लहान यंत्र नेतात. जिथे लांबी भरून पोचा झाकला आहे तिथे आकडा एकदम चढतो. डोळा फसतो, आकडा फसत नाही.

शेवटचे काम मोठे नवलाचे. अशा गाड्यांच्या जाळीमागे रडार आणि काचेमागे कॅमेरा असतो. समोर अडथळा आला की गाडी स्वतः ब्रेक लावते. पण बंपर बसविताना ते रडार एका अंशाने जरी वळले, तरी शंभर मीटरांवर त्याची नजर पावणेदोन मीटर बाजूला पडते. म्हणजे आपल्या वाटेवरची ट्रॉली सोडून ते शेजारच्या बाभळीकडे पाहणार! म्हणून ठरावीक अंतरावर फलक मांडून त्याची नजर पुन्हा बसवावी लागते.

अखेर गाडी मिळाली, आणि तिच्याबरोबर एक जाड वही: सांगाड्याची आधीची व नंतरची मोजमापे, बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद, छायाचित्रे. शेटजींनी ती तिजोरीत ठेवली आहे. गाडी जेव्हा विकली जाईल तेव्हा ही वहीही बरोबर जाईल, किंमत कमी आली तरी चालेल, असे त्यांनी घरात सांगून टाकले आहे. फारसीतून आलेला 'दुरुस्त' हा शब्द आपण मोडलेले नीट करण्यासाठी वापरतो. पण त्याचा मूळ अर्थ 'बरोबर, खरे' असा आहे. तो अर्थ मी वर्गात अनेकदा सांगितला होता. डोळ्यांनी पाहिला तो हैदराबादेत.

जे दुरुस्त होत नाही

गाडीची ही सारी विद्या आत बसलेल्यांसाठी आहे. बाहेर असणाऱ्याला ना पट्टा ना हवेची पिशवी. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका नव्या पोर्शे गाडीने मोटारसायकलला धडक दिली, त्यात एक तरुण आणि एक तरुणी, दोघेही अभियंते, जागच्या जागी गेले. गाडी 17 वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांचे म्हणणे. इतक्या महाग गाडीची कायम नोंदणी झालेली नव्हती. त्यासाठीचे 1758 रुपये शुल्क भरायचे राहिले होते. मुलाला जामीन देताना बालन्याय मंडळाने घातलेल्या अटींत 300 शब्दांचा एक निबंध होता. लोक खवळले, आणि तो आदेश पुढे बदलला. मी आयुष्यभर निबंध तपासत आलो आहे. शब्दांनी पुष्कळ गोष्टी सांधता येतात; पण त्या दोन घरांत त्या पहाटे जे तुटले, ते सांधणारा निबंध कोणत्याही भाषेत लिहिता येत नाही.

पाडवा आला आहे. अनेक घरांसमोर नवी गाडी उभी राहील. तिला हळदकुंकू लागेल, चाकाखाली लिंबू फुटेल. हे सारे आनंदाने करावे. बरोबर विम्याचा कागद एकदा शेवटपर्यंत वाचावा आणि मागच्या बाकावरचे पट्टे गादीखालून वर काढावेत. आमच्या शेटजींनी या हंगामासाठी आणखी एक केले आहे. लाल-पांढऱ्या चमकत्या पट्ट्यांचे गठ्ठे आणून दुकानात ठेवले आहेत. मोंढ्यात माल घेऊन येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला नोकर त्या फुकट चिकटवतो. कोणी विचारले तर शेटजी एवढेच म्हणतात, "सोळा लाखापेक्षा स्वस्त पडायलंय."